बोगद्यातली देवळी

बोगदा सुरू झाला त्या दिवशी काकासाहेबांनी सकाळी लवकर आंघोळ केली. सून वर्षाराणीनं दहीभाताचा डबा भरून दिला. पिशवीत शेंदूर होता, हिरवा खण होता. बांगड्या किती घ्यायच्या हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते त्यांची बायको आसराबाई बघायची, आणि आसराबाई भादव्यात वारली होती. शेवटी त्यांनी कासारालाच विचारलं, "साती आसरांना किती लागत्यात?" कासारानं एक डझन आणि वर दोन अशा हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळून दिल्या.

स्टेशनाबाहेर रिक्षाथांब्यापाशी नव्या पायऱ्या होत्या. तिथून उतरायचं, रस्त्याखालून चालत जायचं आणि समोरच्या पाच मजली संकुलाच्या तळमजल्यात वर निघायचं. संकुलात दवाखाने होते, शिकवण्या होत्या, कपड्यांची दुकानं होती. पायऱ्यांवरच्या पाटीवर 'पादचारी भुयारी मार्ग' असं लिहिलं होतं. लोक बोगदाच म्हणत होते. गाडीतून उतरलेली माणसं रस्ता न ओलांडता थेट दुकानात निघत होती आणि पहिल्या दिवशी काही जण नुसतेच इकडून तिकडं जाऊन परत येत होते.

काकासाहेब पायऱ्या उतरले आणि पावलं मोजत चालू लागले. बेचाळीस पावलं झाली की उजव्या हाताला भिंतीत आसरांसाठी देवळी असणार होती. बेचाळीसाव्या पावलाला ते थांबले. भिंतीला पांढऱ्या फरश्या होत्या आणि त्यावर मोबाइलच्या जाहिरातीचा मोठा बोर्ड आतून उजळला होता. बोर्डावरची मुलगी हसत होती. काकासाहेबांनी बोर्डाच्या खाली पाहिलं, बाजूला पाहिलं, मग समोरच्या भिंतीलाही हात लावून पाहिला.

"आबा, इकडं कामून आलात?" करण पळत आला. त्यांचा मुलगा. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बोगद्याची देखरेख त्याच्याकडं होती.

"देवळी कुठं रे?"

"मागून व्हायचीय. मालक येऊन राह्यले आता, मोठी माणसं हायेत संगं. तुमी घरी जा."

"आन् आसरा?"

"हायेत की. स्टोअरला पाण्याच्या टाकीपाशी. बिलकुल काळजी करू नका."

काकासाहेब परत वर आले. नैवेद्य घरी न्यायचा नसतो, म्हणून रिक्षाथांब्यावरच्या गाईला त्यांनी डबा रिकामा करून घातला. रिक्षावाला वसंता म्हणाला, "काय काका, गाईचा वाढदिवस हाये का आज?" काकासाहेब हसले. त्यांना तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. बांधकाम म्हटल्यावर मागंपुढं होतंच, असं ते मनात म्हणाले.

बोगदा झाला त्या जागी आधी विहीर होती. काकासाहेबांचे वडील हसनाबादहून मेंढरं घेऊन या बाजूला यायचे आणि विहिरीभोवतीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायचे. पुढं मेंढरं विकली, पण वडील इथंच राहिले, विहीर राखायला. लोक तिला धनगराची विहीर म्हणायला लागले. तिच्या काठावर सात गोटे मांडलेले होते, शेंदूर लावलेले. त्या साती आसरा. पाण्याच्या सात बहिणी. जिथं पाणी तिथं त्या राहतात, घराच्या छपराखाली त्यांना ठेवत नाहीत, आणि त्यांच्या पूजेचं सगळं घरच्या बाईनं करायचं असतं.

आसराबाई शहागडची. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठावर जन्मली म्हणून आईनं तिचं नाव तसं ठेवलेलं. लग्न होऊन या घरात आली तेव्हा विहिरीवरच्या गोट्यांकडं बघत पाहुणे म्हणाले होते, "घ्या, आठवी आली!" तिला ते आवडायचं. कुणी नवीन भेटलं की ती स्वतःच सांगायची. चाळीस वर्षं दर अमावास्येला ती गोटे धुवायची, शेंदूर लावायची, दहीभात ठेवायची. काकासाहेब दर उन्हाळ्यात दोर कमरेला बांधून खाली उतरायचे आणि गाळ काढायचे. वरून बघणाऱ्याला नुसतं पाणी दिसायचं. काकासाहेबांना तिचे तिन्ही झरे माहीत होते, कोणता माघात आटतो आणि कोणता बारा महिने जिवंत राहतो तेही.

मे महिन्यात पोरं पोहायला यायची. त्यात मस्तगडचा गजानन होता. बापाची कचेरीत नोकरी, मुलगा एकुलता, पाण्याला भ्यायचा. काकासाहेबांनी त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला आठ दिवस फिरवलं आणि नवव्या दिवशी न सांगता भोपळा सोडून घेतला. "बुडत न्हाईस, मी हाये," असं म्हणत त्याला ढकलून दिलं होतं. पोहून झालं की आसराबाई त्याला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची. "बामनाचं लेकरू, घरी सांगू नको रे," असंही म्हणायची. तोच गजानन इंजिनिअर झाला आणि संकुलाच्या मालकांनी बोगद्याचं काम त्याच्याकडं दिलं.

काम अडलं ते विहिरीपाशी. मुकादम पुंजारामनं खोदायचं मशीन काठावर आणून बंद केलं. "ज्यांच्या आसरा, त्यांनी उठवाव्यात. आम्ही हात लावणार न्हाई," तो म्हणाला. त्याची सगळी टोळी आसरांना मानणाऱ्याच गावांची, कुणीच तयार होईना. मग गजानन काकासाहेबांच्या घरी आला.

तेव्हा आसराबाई आजारी होती. छातीचं दुखणं, चालायला लागलं की दम लागायचा. ती खाटेवरून म्हणाली, "त्या जात न्हाईत तिथून. त्यांचं पानी हाये तिथं."

"काकू, जाऊ नका देऊ," गजानन म्हणाला. त्यानं मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि खिशातून पेन्सिल काढली. "हा बोगदा. ही विहीर. बरोबर इथं, भिंतीत मी देवळी ठेवतो. आत दिवा लावायला जागा. लोक येता-जाता हात जोडतील. त्या जिथं आहेत तिथंच राहतील, फक्त दहा-पंधरा फूट खाली. पाण्याच्या आणखी जवळ." आणि त्यानं नकाशावर पेन्सिलीनं लहानशी कमान काढली.

आसराबाईनं नकाशाकडं नाही पाहिलं. तिनं गजाननकडं पाहिलं. "गजा, तू म्हनतोस?"

"मी म्हणतो."

"मंग ठीक हाये."

त्यानंतर चैत्राच्या अमावास्येला करण आणि पुंजाराम दोघांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून विहिरीवर आणलं. तिनं एकेक गोटा उचलून हिरव्या खणावर, टोपलीत ठेवला. उठवताना घरच्या बाईनं तीनदा मोठ्यानं सांगावं लागतं, म्हणजे खोदणाऱ्यांवर काही येत नाही. तिला दम लागत होता तरी ती तीनदा म्हणाली, "उठल्या. उठल्या. उठल्या." मग पुंजारामकडं वळून म्हणाली, "आता खांदा. भिंतीत बसनार हायेत त्या. गजानं शब्द दिलाय." टोपली करणकडं दिली. साईटवरच्या पाण्याच्या टाकीपाशी ठेवायची असं ठरलं होतं.

करण तेव्हा साईटवर रोजंदारीनं देखरेखीला होता. विहीर बुजवायचं ठरलं तेव्हा काकासाहेबांनी त्याला नीट समजावून सांगितलं. तळाला मोठे धोंडे टाकायचे, त्यावर मुरूम, आणि मधून एक पाइप वर काढायचा. पाण्याला वाट ठेवली की पाणी गप राहतं. करण म्हणाला, "बराबर." त्याच उन्हाळ्यात, जेठात, करणला संकुलात कायमची नोकरी लागली. त्यानं आईला पेढा भरवला. ती म्हणाली, "आसरांनीच दिली ही."

संध्याकाळ झाली की ती काकासाहेबांना विचारायची, "किती झालं काम?" काकासाहेब रोज जाऊन बघून यायचे आणि सांगायचे, "भिंत कमरेइतकी आलीय." "सळ्या बांधून झाल्या." "आता वरचं छत." शेवटच्या आठवड्यात तिला फार बोलवत नव्हतं, तरी एकदा तिनं हातानं भिंतीसारखं दाखवलं आणि भुवया उडवल्या. काकासाहेब म्हणाले, "झालीच बघ." भादव्यात ती गेली. दहाव्याला गजानन आला. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही, आणि उठताना म्हणाला, "काका, काकूंचं काम माझ्या ध्यानात आहे."

ते वाक्य काकासाहेबांनी जपून ठेवलं होतं. बोगदा सुरू झाल्यावर देवळी दिसली नाही तरी त्यांनी आरडाओरडा केला नाही तो त्या वाक्यामुळंच. चैत्रात करण म्हणाला, मिस्त्री गावाला गेलाय. वैशाखात म्हणाला, फरश्या जुळत न्हाईत. आषाढात म्हणाला, बोर्डवाल्यांचा करार संपू द्या. दर अमावास्येला वर्षाराणी दहीभात करायची. काकासाहेब बोगद्याच्या पायऱ्यांपर्यंत जायचे, वरूनच हात जोडायचे आणि नैवेद्य गाईला घालून यायचे. त्यांचं एकच म्हणणं होतं. भादव्यात आसराबाईचं वर्षसराद होतं. त्याच्या आत आसरा बसायला हव्यात. जाताना ती ते एकच काम मागं ठेवून गेली होती.

श्रावणात गजानन घरी आला. या खेपेला बूट बाहेर काढले तेव्हा त्याचे पायमोजे ओले होते.

"काका, बोगद्यात पाणी येतंय."

"कुठल्या अंगानं?"

"तेच कळत नाही. खालच्या फरशीच्या सांध्यांतून सगळीकडून वर येतंय. दोन पंप लावलेत, तरी घोट्याइतकं आहे. काल एक म्हातारी घसरून पडली. मालक माझ्यावर उखडलेत."

"येनारच. श्रावनात झरे सुटतात. पाइप काढलाय ना वर, त्याला मोटार लावा."

गजानन खाली बघत म्हणाला, "पाइप नाही ठेवलेला."

"कामून? मी करणकडून पाठ करून घेतलं होतं."

"घाईत राहिलं. पाडलेल्या भिंतींचा मलबा होता, तोच भरला सगळा." त्यानं कपाळ पुसलं. "काका, जिवंत झरा कोणत्या कोपऱ्यात, किती खाली, एवढं तुम्ही दाखवा. दोन बोटांचं भोक पाडतो आणि सिमेंटचं पाणी दाबून भरतो. एका दिवसाचं काम. तुमच्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही."

"दावतो की. त्यात काय एवढं. पन आधी देवळीचं बोल. भादवा आला."

वर्षाराणीनं चहा आणून ठेवला. गजाननानं कप उचलला आणि परत ठेवला.

"काका, करण बोलला नाही तुमच्याशी?"

"बोलतो की. आज करू, उद्या करू."

"म्हणजे… ती होणारच नव्हती. मालकांनी नको म्हटलं होतं. एक देव बसवला की उद्या सगळे येतील म्हणाले."

"कव्हा म्हनले?"

"काम सुरू झालं तेव्हाच. गेल्या वर्षीच्या वैशाखात."

काकासाहेबांनी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली. वैशाख, जेठ, आषाढ, श्रावण. चार महिने आसराबाई खाटेवरून विचारत होती आणि ते भिंत बघून येऊन सांगत होते.

"तू दहाव्याला आल्तास," ते म्हणाले.

"हो."

"हितंच बसला होतास. ध्यानात हाये म्हनलास."

"त्या दिवशी दुसरं काय बोलणार होतो मी, काका? घरात दुःख होतं. करणला मी सांगितलं होतं, तुझ्या वडलांना तूच समजाव. मला वाटलं, त्यानं समजावलं असेल."

"वाटलं व्हय. मंग एकदा इचारायचं मला."

गजानन ओले पायमोजे ओढून सरळ करू लागला.

"आन् आसरा कुठं हायेत?"

आता गजानन चक्रावला. "तुम्हीच नेल्या ना? करण म्हणाला, आबांनी शहागडला नेऊन गंगेत सोडल्या. काकूंच्या माहेरी."

दारात उभ्या असलेल्या वर्षाराणीनं पदर तोंडाला लावला. काकासाहेबांनी समोरचा कप बाजूला सरकवला. मग ते म्हणाले, "गजाननराव, तुमी या आता."

लहानपणापासून त्यांनी त्याला गजा सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. गजानन उठला, बूट हातात घेऊनच अंगण ओलांडून गेला.

करण संध्याकाळी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. वर्षाराणीनं ताट वाढलंच नाही. ती चुलीपाशी तशीच बसून राहिली.

"आसरा शहागडला कोन घेऊन गेलं रे?" काकासाहेबांनी विचारलं.

करणनं बायकोकडं पाहिलं, मग बापाकडं. "गजाननसाहेब आल्ते का?"

"मी काय इचारलं?"

"त्यांना तसं सांगावं लागलं, आबा. ते रोज इचारून राह्यले होते की स्टोअर मोकळं करायचंय, ते गोटे हलवा. मी फेकल्या न्हाईत. आईची शप्पथ."

"तिची शप्पथ घेऊ नको."

करण म्हणाला, "त्यांच्याच विहिरीत ठिवल्या. भर पुरी झाली होती, दुसऱ्या दिवशी फरशीचं काँक्रीट होतं. सगळ्यात वर, एकेक करून ठिवल्या. दुसरीकडं कुठं नेनार होतो? पान्यावरच हायेत त्या."

"सगळ्यात वर म्हंजे फरशीच्या खाली."

"हातभर खाली."

"म्हंजे लोक त्यांच्या डोक्यावरून चालून राह्यलेत. मी बी चाललो. बेचाळीस पावलं मोजून तिथंच हुबा राह्यलो मी, डबा घेऊन."

"आबा, आई मरायला टेकली होती. तिला काय सांगायचं होतं?"

"तिला नको. मला सांगायचं."

"तुमी गप बसला असता?" करणचा आवाज चढला. "तुमी दुसऱ्या दिवशी जाऊन पायऱ्यांवर बसला असता. पुंजारामनं काम बंद केलं असतं. तुमच्या घरची भानगड म्हनून माझी नोकरीची ऑर्डर अडली असती. मालकांनी तोंडावर सांगितलं होतं, बापाला सांभाळ, मंग ये."

"आन् तू सांभाळलंस."

"कुनासाठी केलं मी? माझ्या एकट्यासाठी?"

वर्षाराणी तेव्हा पहिल्यांदा बोलली. ती नवऱ्याशी बोलताना कधी आवाज चढवायची नाही, आत्ताही चढवला नाही. "दर आवसेला मी मामांना डबा भरून देत होते. तुमी हितंच बसलेले असायचात. 'दही जास्त घाल, आईला तसं लागायचं,' म्हनायचात. हे सगळं ठाऊक असताना म्हनायचात."

करण उठून बाहेर गेला. काकासाहेबही त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना राहून राहून पेढा आठवत होता. जेठातला. त्याच्या आदल्या महिन्यातच देवळी रद्द झाली होती. म्हणजे ज्या हातानं पोरानं आईला पेढा भरवला, त्याला तेव्हा सगळं माहीत होतं, आणि ती मात्र आसरांचं नाव घेत तो खात होती. गजाननाचं त्यांना फार नवल वाटलं नाही, तो परका होता. पण आपण रोज खाटेपाशी बसून तिला भिंतीची उंची सांगत होतो, तेव्हा हा दाराशी उभा राहून ऐकत होता. एकदाही खोकलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून बोगद्यावर गेले. गजानन तिथंच होता. पुंजाराम त्याची माणसं आणि भोक पाडायचं यंत्र घेऊन आला होता. लोक पायजमे, पँटी वर धरून पाण्यातून जात होते. चपला हातात घेतलेल्या एका बाईनं करणला सुनावलं, "एवढं भारी बांधलं, आन् होडी घेऊन यायचं का आता?"

काकासाहेबांनी आधी पुंजारामला बाजूला घेतलं. "पुंजाराम, तुमी आमच्या घरच्या शब्दावर खांदलं. तिनं सांगितलं होतं, भिंतीत बसनार म्हनून. ते खोटं निघालं. फरशीखाली हायेत त्या. तुमच्या मानसांना म्या तोंड दाखवायला पायजे, म्हनून सांगतोय."

पुंजाराम मान खाली घालून उभा राहिला. "करणला मी ठिवताना बघितलं होतं, काकासाहेब. मला वाटलं तुमच्याच सांगन्यानं ठिवतोय. पोरगा रडत होता. मी म्हनलं घरचा मामला हाये, कशाला बोला."

रडत होता हे काकासाहेबांना नवीन होतं. पण एवढं कळलं की पुंजाराम, गजानन, मालक, सगळ्यांना काही ना काही माहीत होतं. काहीच माहीत नसलेली दोनच माणसं होती, ते स्वतः आणि ती.

गजाननानं खडू पुढं केला. "काका, इथं फक्त फुली मारा."

काकासाहेब खडू घेऊन पाण्यात उभे राहिले. त्यांना बघायची गरज नव्हती. ईशान्येचा कोपरा, दीड पुरुष खाली, कपारीतून मनगटाएवढी धार. डोळे मिटूनही ते पायानं जागा दाखवू शकले असते.

"सिमेंटचं पानी कुठवर येतं?" त्यांनी विचारलं.

"खालून भरत भरत फरशीपर्यंत. मग सगळं एकजीव होतं. पुन्हा थेंब येत नाही."

"मंग त्यातलं काही कवा बाहेर निघतं का?"

गजाननाला प्रश्न कळला. तो म्हणाला, "नाही."

"आन् म्या न्हाई दावलं तर?"

"मग विहिरीचं तोंडच उघडावं लागेल. पंचवीस फूट फरशी फोडायची, भर उपसायची, झरा शोधायचा. दोन महिने बोगदा बंद." गजाननानं आवाज खाली आणला. "काका, तसं करू नका. भर करणच्या देखरेखीखाली झालीय. आत काय भरलंय ते सगळ्यांना दिसेल. मालक त्याला एक दिवस ठेवणार नाहीत."

"आबा," करण म्हणाला. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता, पाण्यात, बूट भिजलेले.

काकासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. दोन वर्षांचा असताना हा काठावरून वाकून बघायचा म्हणून आसराबाई त्याच्या कमरेला ओढणी बांधून दुसरं टोक स्वतःच्या हाताला बांधायची. सगळं आठवत होतं. आठवूनही छातीतला दगड हलत नव्हता.

त्यांनी खडू गजाननाच्या हातात परत दिला. "मंग फोडा."

"काका, मी देवळी करतो. मालकांशी भांडून करतो. हा बोर्ड काढायला लावतो, लिहून देतो तुम्हाला."

"देवळीत काय ठिवता, गजाननराव? मोकळी देवळी मला कशाला पायजे?"

"काका…"

"तुमचा शब्द मागच्या खेपेला बी चांगला होता," काकासाहेब म्हणाले आणि पायऱ्यांवर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी बोगदा बंद झाला. दोन्ही तोंडांना पत्रे लागले. रस्ता ओलांडताना लोक काकासाहेबांच्या नावानं बोलायचे. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी एवढा खर्च, एवढा त्रास. वसंता रिक्षावाला सुद्धा म्हणाला, "काका, दगडच ना ते. दुसरे आनून बसवले असते." काकासाहेब रोज सकाळी जायचे, पुंजारामच्या माणसांच्या मागं एका पालथ्या घमेल्यावर बसायचे. दुपारी वर्षाराणी भाकरी घेऊन यायची. करणनं आणलेला डबा ते घेत नव्हते. करणच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं होतं. मालकांनी चौकशी लावली होती.

फरशी फुटली. खालचं काँक्रीट निघालं. खाली विटांचे तुकडे, तुटलेल्या फरश्या, सिमेंटच्या गोण्या, चिखल. हातभर खाली गेले, दोन हात गेले. एकही गोटा नव्हता.

करण खड्ड्यात उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "हितंच ठिवल्या होत्या," तो म्हणाला. "ह्या कडंला. सातही. हितंच, आबा."

"पान्यानं भर खचली असंल," पुंजाराम म्हणाला. "मलबाच हाये सगळा. खालचं बसलं की वरचं खाली जातं. असतील अजून खाली."

असेल तसंही. कामाच्या हिशेबानं पुंजारामचं म्हणणं बरोबर होतं. काकासाहेबांनी आयुष्यात असल्या खचलेल्या विहिरी पाहिल्या होत्या. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी लगेच मान हलवली असती. पण सांगणारा करण होता. तो चिखलात वाकून दोन्ही हातांनी चाचपत होता, त्याची नखं फुटली होती. तो खरं बोलत असेल तरी काकासाहेबांना ते आता कळायला मार्ग नव्हता. पोरगं बोललं की आधी तोंडाकडं बघायचं, मग दुसऱ्या कुणाला विचारून खात्री करायची, असं इथून पुढं चालणार होतं. हे आसराबाईला कुणी सांगायचं, असं त्यांच्या मनात आलं, आणि सांगायला ती नाही हे मागाहून आलं.

वर्षसरादाला नऊ दिवस राहिले होते.

करणनं चिखलातून एक गोटा काढला. गोल, मुठीएवढा. पाण्यात खंगाळून तो वर आला आणि दोन्ही हातांवर ठेवून त्यानं बापापुढं धरला. पुंजारामची माणसं हातातलं थांबवून बघू लागली. काकासाहेबांनी गोटा घेतला, उजेडाकडं धरला, सगळीकडून फिरवून अंगठ्यानं घासून पाहिला. नुसता दगड होता. शेंदराचा कण नव्हता.

"न्हाई," ते म्हणाले आणि गोटा घमेल्याशेजारी ठेवला. "खांदा."